कड्यावरची वाट : अचलपूरहून चिखलदऱ्याची एक दिवसाची सफर

अचलपूरच्या कोणत्याही उंच गच्चीवरून उत्तरेकडे नजर टाकली, की क्षितिजावर डोंगराची एक सलग निळसर भिंत दिसते. दक्षिणेला पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आणि उत्तरेला एकाएकी उभी राहिलेली ही भिंत. वऱ्हाडाच्या जुन्या महसुली भाषेत खालच्या सपाटीला पाईनघाट आणि वरच्या डोंगराळ मुलुखाला मेळघाट म्हणत. दोहोंच्या सीमेवर, सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या कडेवर, सुमारे १,११८ मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. विदर्भातील हे एकमेव परिचित थंड हवेचे ठिकाण. दोन दरींच्या कडांना जोडणाऱ्या झुलत्या पुलाच्या बांधकामामुळे गेल्या काही वर्षांत या गावाचे नाव राज्यभर चर्चेत आले.

परंतु कड्यावरून चालण्याचा अनुभव घेण्यासाठी पुलाचीच वाट पाहिली पाहिजे, असे नाही. गाविलगडाच्या तटालगतची वाट, देवी पॉइंटचे कपार, भीमकुंडाची घळ आणि हरिकेन पॉइंटची कडा ही ठिकाणे आजही पायी पाहता येतात. जाणकार वाटाड्या सोबत असेल, तर अचलपूर किंवा परतवाड्याहून पहाटे निघून दिवस मावळेपर्यंत ही सफर सुखरूप पूर्ण होते. ती कशी आखावी, कोठे थांबावे आणि कोठे मुळीच थांबू नये, याची माहिती येथे देत आहोत.

कडा कसा घडला?

मेळघाटचे डोंगर हे दख्खनच्या पठाराप्रमाणेच लाव्हारसाच्या थरांनी बनलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा एकावर एक पसरत थिजला. सर्व थर मात्र सारखे नाहीत. काही घट्ट व कणखर, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पातळ पट्टाही आढळतो. पुढे डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी भूकवचाला मोठा तडा गेला, पूर्णेचे खोरे खाली खचले आणि गाविलगडची रांग उंच उभी राहिली. अचलपूरहून दिसणारी भिंत ती हीच.

ही माहिती केवळ अभ्यासकांच्या उपयोगाची नाही. पावसाचे पाणी वरच्या कणखर थरातील भेगांतून झिरपते आणि खालचा ठिसूळ थर पोखरते. त्यामुळे वरचा खडक पुढे आलेला आणि खालचा भाग आत गेलेला, अशी कड्याची रचना होते. वरून भक्कम वाटणाऱ्या कडेखाली कित्येकदा आधारच नसतो. देवी पॉइंट येथे हा प्रकार प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. तेथे पुढे आलेल्या खडकाच्या कपारीत देवीचे स्थान असून छतातून पाणी सतत ठिबकत असते. कपारीत उभे राहून वर पाहिल्यावर ध्यानात येते, की माथ्यावर ज्या कडेला पर्यटक छायाचित्रांसाठी उभे राहतात, तिच्याखाली पोकळी असू शकते. कड्यापासून चार पावले मागे राहण्याचा सल्ला वाटाडे देतात, त्यामागे हे कारण आहे.

चिखलदऱ्याच्या पाणीटंचाईचाही संबंध याच रचनेशी आहे. पावसाळ्यात येथे मुबलक पाऊस पडतो, परंतु उतारावरून तो झरझर वाहून पाईनघाटात उतरतो. उन्हाळ्यात गावात पाण्याची चणचण भासते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी सोबत नेणे हे सोयीचे तर आहेच, शिवाय ते गावावरचा भार कमी करणारेही आहे.

वाटाड्या का हवा?

चिखलदऱ्याचे बहुतेक पॉइंट डांबरी रस्त्याने जोडलेले असल्याने मार्गदर्शकाची गरज काय, असा प्रश्न शहरी पर्यटकास पडतो. याचे उत्तर धुक्यात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढग थेट कड्यावरून वर चढतात आणि पाच मिनिटांत समोरची दरी दिसेनाशी होते. कठडा कोठे संपतो, ओल्या गवताखाली खडक आहे की पोकळी, शेवाळलेली पायवाट कोणती, हे नवख्या माणसास कळत नाही. स्थानिक माणसास ते पायांना ठाऊक असते.

दुसरे कारण आग्या मोहोळाचे. उंच कड्यांच्या कपारींत मोठ्या मधमाश्यांची पोळी असतात. धूर, उग्र अत्तर किंवा दगडफेक यांमुळे त्या उठल्या, तर अरुंद वाटेवर पळण्यास जागा नसते. या हंगामात पोळी कोणत्या कड्यावर आहेत आणि कोणती वाट टाळावी, हे रोज फिरणारा माणूसच सांगू शकतो.

मेळघाटातील मुख्य आदिवासी समाज कोरकूंचा. त्यांची कोरकू भाषा मुंडा कुळातील असून या कुळातील भाषांमध्ये ती सर्वांत पश्चिमेकडील होय. झाडे, ओढे व घळी यांची कोरकू नावे, औषधी वनस्पतींचे उपयोग आणि वन्यप्राण्यांच्या खुणा हे ज्ञान फलकांवर लिहिलेले नसते. कोरकू किंवा गवळी समाजातील मार्गदर्शक घेतल्यास सफर सुरक्षित होते आणि दिवसाचा मोबदलाही थेट गावात पोहोचतो. मोबदला, थांबे व परतण्याची वेळ आधीच ठरवून घ्यावी. गटात आठ-दहा जणांपेक्षा अधिक माणसे असतील, तर दोन मार्गदर्शक घ्यावेत. एकाने पुढे व दुसऱ्याने अखेरीस चालावे.

सकाळ : गाविलगड

सफरीचा आरंभ गाविलगडापासून करणे उत्तम. ऊन चढण्यापूर्वी पाय ताजे असतात आणि किल्ल्याचा विस्तार मोठा असल्याने त्यास किमान अडीच-तीन तास लागतात. गवळी राजांच्या मातीच्या गढीवरून किल्ल्यास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये बांधला. पुढे वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणाऱ्या फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याची डागडुजी केली. राजधानी अचलपूर, म्हणजे त्या वेळचे एलिचपूर, सपाटीवर आणि तिचे संरक्षण डोंगरमाथ्यावर, अशी ही जोडी होती.

किल्ल्याच्या दारांवरील शिल्पे अवश्य पाहावीत. शार्दूल दरवाजावरील सिंह, हत्ती आणि दोन मुखांचा गंडभेरुंड यांची दगडी चित्रे अजूनही ठसठशीत आहेत. दिल्ली दरवाजा, पीर फत्ते दरवाजा, वीरभान दरवाजा, आतील तलाव, मोठी मशीद आणि गवतात पडलेल्या तोफा पाहत वाट तटाकडे जाते. तटाच्या बाहेर सरळ तुटलेला कडा आहे.

या कड्यांचे लष्करी महत्त्व १८०३ च्या युद्धात सिद्ध झाले. असई आणि अडगाव येथील पराभवांनंतर नागपूरकर भोसल्यांचा हा बळकट किल्ला घेण्यासाठी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झालेला सेनानी, येथे आला. दक्षिणेकडील कडा चढणे अशक्यप्राय होते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अवघड डोंगरवाटांनी तोफा ओढत वळसा घातला आणि जिकडून किल्ला पठाराशी जोडलेला आहे, त्या उत्तर बाजूने मारा केला. १५ डिसेंबर १८०३ रोजी बाहेरच्या तटास पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. तरीही आतला किल्ला मधल्या घळीपलीकडे शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळ ओलांडून शिड्यांनी आतला तट चढला, दार उघडले आणि किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगावचा तह झाला. तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. १८५८ मध्ये इंग्रजांनी या किल्ल्याची तटबंदी मोडून टाकली.

मार्गदर्शकास ही घळ दाखविण्यास सांगावे. दोन तटांमधील ती खोलगट जागा पाहिली, म्हणजे पुस्तकातील लढाईचे वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र ढासळलेल्या तटावर चढू नये. दगड सैल झालेले आहेत आणि गवतामुळे फटी दिसत नाहीत.

दुपार : कपार आणि घळ

किल्ल्यावरून परतल्यावर गावात भोजन करून देवी पॉइंट व भीमकुंड पाहावे. देवी पॉइंटच्या कपारीतून वाहणारे पाणी हे चंद्रभागा नदीचे उगमस्थान मानले जाते. ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे. ती येथून उतरून पूर्णेच्या खोऱ्यात जाते. भाविकांची येथे नेहमी वर्दळ असते. कपारीतील फरशी कायम ओली राहते, म्हणून अनवाणी चालताना जपून पाऊल टाकावे.

भीमकुंडाशी महाभारताची कथा जोडली गेली आहे. विराटाच्या घरी अज्ञातवासात असताना द्रौपदीचा छळ करणाऱ्या कीचकाचा भीमाने वध केला आणि त्याचे प्रेत दरीत फेकून दिले. ती कीचकदरा, आणि तीवरून चिखलदरा हे नाव आले, असे लोक सांगतात. ज्या डोहात भीमाने हात धुतले, तो भीमकुंड. रांगेतील सर्वांत उंच माथ्यास वैराट म्हणतात. त्याचाही संबंध विराट राजाशी लावला जातो. पावसाळ्यात या घळीत धबधबा कोसळतो. तो वरून पाहावा. पाण्याच्या प्रवाहात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. डोंगरावर पाऊस पडला, की ओढ्याचे पाणी पाहता पाहता वाढते.

तिसरा प्रहर : हरिकेन पॉइंट आणि झुलता पूल

दुपार कलली, की हरिकेन पॉइंटकडे निघावे. दरीतून वर चढणाऱ्या जोरकस वाऱ्यामुळे पडलेले हे इंग्रजी नाव सार्थ आहे. १८२३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेस आणले. तेव्हापासून वऱ्हाडातील अधिकारी उन्हाळा घालविण्यासाठी येथे येऊ लागले. प्रॉस्पेक्टसारखी नावे आणि कॉफीचे मळे या त्या काळाच्या खुणा. टोपी, ओढणी, छत्री आणि भ्रमणध्वनी घट्ट धरूनच येथे उभे राहावे. उडालेली वस्तू पकडण्यासाठी कठड्याबाहेर झुकणे हे अपघाताचे एक नेहमीचे कारण आहे.

हरिकेन पॉइंट व गोराघाट पॉइंट यांच्यामधील दरीवर ४०७ मीटर लांबीच्या झुलत्या पुलाचे काम सिडकोने हाती घेतले. पुलाचा काही भाग पारदर्शक काचेचा ठेवण्याचे आराखड्यात आहे. काम बरेच पुढे गेल्यावर, २०२० च्या दशकाच्या आरंभी, वन्यजीवविषयक परवानग्यांचा प्रश्न उभा राहिला आणि ते दीर्घकाळ रेंगाळले. यामुळे पर्यटनाची वाट पाहणारे स्थानिक व्यावसायिक नाराज झाले. मात्र परवानगीचा आग्रह हा निव्वळ कागदी अडथळा नव्हता. १९७४ मध्ये घोषित झालेला मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये पुन्हा आढळलेला रानपिंगळा हा पक्षीही याच जंगलात राहतो. पुलावर येणारी गर्दी, वाहने, रात्रीचे दिवे आणि कचरा यांचा भार अखेर या जंगलावरच पडणार आहे. सफरीस निघण्यापूर्वी पुलाची सद्यःस्थिती स्थानिक पातळीवर विचारून घ्यावी आणि बांधकामाच्या जागेत विनापरवाना जाऊ नये.

कड्यावरच्या वाटेचे काय होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण स्पेनमध्ये आहे. मालागा प्रांतातील एल चोरो येथे ग्वादालोर्से नदीच्या अरुंद घळीत, पाण्यापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, कड्याला लटकलेली एक पायवाट आहे. जलविद्युत केंद्रांच्या कामगारांना ये-जा करता यावी म्हणून ती १९०१ ते १९०५ या काळात बांधली गेली. १९२१ मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो धरणाच्या उद्‌घाटनास आला आणि तिला ‘राजाची छोटी पायवाट’ असे नाव मिळाले. पुढे ती मोडकळीस आली, तरी साहसाच्या ओढीने लोक येतच राहिले. १९९९ व २००० मध्ये काहींचा मृत्यू झाल्यावर ती बंद करण्यात आली. दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये ती पुन्हा उघडली, ती मात्र कडक शिस्तीसह. ठरावीक वेळेचे तिकीट, डोक्यावर शिरस्त्राण, एकाच दिशेने चालणे आणि दिवसाला मर्यादित माणसे, असे तेथील नियम आहेत. खडक तोच, घळही तीच. फरक पडला तो शिस्तीने. चिखलदऱ्याचा पूल सुरू झाल्यावर तेथेही हेच नियम लागू व्हावेत, ही अपेक्षा रास्त ठरेल.

सायंकाळी पंचबोल पॉइंटवर थांबावे. समोरच्या पाच डोंगरांवर आदळून हाकेचा पाच वेळा प्रतिध्वनी येतो, अशी याची ख्याती आहे. एखादी हाक घालून पाहावी. पण भोंगे व ध्वनिवर्धक टाळावेत.

धुके असल्यास : मुक्तागिरी

पावसाळ्यात कधी कधी चिखलदरा दिवसभर ढगांत असते आणि कड्यावर उभे राहूनही काहीच दिसत नाही. अशा दिवशी हट्टाने वर न जाता परतवाड्याहून जवळच असलेल्या मुक्तागिरीस जावे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, एका घळीच्या दोन्ही अंगांस जैनांची ५२ मंदिरे आहेत. बांधीव पायऱ्यांची वाट एका बाजूने चढत, धबधब्याजवळून वळत दुसऱ्या बाजूने उतरते. घळीच्या कडेने चालण्याची शतकानुशतकांची वहिवाट येथे पाहावयास मिळते. प्राकृत निर्वाणकांडात हे सिद्धक्षेत्र अचलपूरच्या ईशान्येस असल्याचे सांगितले आहे. कड्यावरून एक मेंढा खाली पडला, ध्यानस्थ मुनींनी त्याला मरतेसमयी णमोकार मंत्र ऐकविला आणि तो देवगतीस गेला, अशी कथा आहे. मेंढागिरी हे नाव त्यावरून पडले. हे तीर्थस्थान असल्याने पादत्राणे, चामड्याच्या वस्तू, खाद्यपदार्थ व वेशभूषा यांविषयीचे तेथील नियम पाळावेत.

कसे जावे, कधी जावे?

रेल्वेने येणाऱ्यांनी मुंबई-हावडा मार्गावरील बडनेरा स्थानकावर उतरून अमरावती गाठावे. अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आहे. अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावे आहेत. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे घाट चढून चिखलदऱ्यास पोहोचता येते. राज्य परिवहनच्या गाड्या आहेत, परंतु एका दिवसात सर्व ठिकाणे पाहावयाची असल्यास स्वतंत्र वाहन सोयीचे. घाटरस्त्याचा अनुभव असलेला चालक घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये परतवाडा-चिखलदरा मार्गावर मोटार दरीत कोसळून चार पर्यटकांना प्राण गमवावे लागले होते. धुक्यात दिवे लावून, हॉर्न देत, संथ गतीने चालावे आणि पुढचे वाहन ओलांडू नये.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ कडा पाहण्यास सर्वांत चांगला. हवा स्वच्छ असते व पाईनघाट दूरवर दिसतो. पावसाळ्यात सौंदर्य अधिक आणि धोकाही अधिक. त्या काळात शनिवार-रविवारची गर्दी टाळावी. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे.

वेळेचे गणित असे ठेवावे : पहाटे सहाला प्रस्थान, आठपर्यंत चिखलदरा, अकरापर्यंत गाविलगड, बारा ते एक भोजन, तीनपर्यंत देवी पॉइंट व भीमकुंड, साडेचारपर्यंत हरिकेन पॉइंट, पाचपर्यंत पंचबोल आणि उजेड असतानाच घाट उतरणे. सूर्यास्ताचा मोह असल्यास मुक्काम करावा. अंधारात घाट उतरू नये. रस्त्यावर वन्यप्राणी येतात, हे त्याचे आणखी एक कारण.

सोबत पकडीचे तळवे असलेले बूट, पाणी, पावसाळ्यात रेनकोट (वाऱ्यात छत्री निरुपयोगी ठरते), प्रथमोपचाराची पेटी आणि रोख पैसे असावेत. भ्रमणध्वनीचे जाळे सर्वत्र मिळेलच असे नाही. म्हणून परतण्याची वेळ घरी सांगून निघावे. प्रवेशशुल्क व प्रवेशाच्या वेळा बदलत असतात, त्यांची चौकशी आदल्या दिवशी करावी. लहान मुलांचा हात कड्याजवळ सोडू नये. चक्कर येणाऱ्यांनी व हृदयविकाराच्या रुग्णांनी किल्ल्याची चढण टाळून पॉइंटपुरतेच फिरावे.

परतताना गवळ्यांच्या म्हशींच्या दुधाचा खवा किंवा रबडी आणि येथे पिकलेली कॉफी घेता येईल. रिकाम्या बाटल्या व वेष्टने मात्र दरीत न टाकता खाली घेऊन यावीत. माथ्यावर पडलेला कचरा पहिल्याच पावसात चंद्रभागेच्या पाण्याबरोबर पाईनघाटात उतरतो, आणि आपण पुन्हा खालीच राहावयास येतो.